उजवा पाय

शुक्रवारी रात्री जेवताना ठरलं,
शनिवारी पहाटे पाचला कराड सोडलं.
पाच जणांच्या गाडीत सहा माणसं,
सात पिशव्या, गुडघ्यांचं तेल,
आणि माझ्या आईच्या, "तिथं जेवण आहे गं" सांगूनही,
चोवीस दशम्या.

गाडी मी चालवत होते.
सासरे माझ्या पाठीमागे,
एसटीची एकतीस वर्षं मांडीवर घेऊन.
कुंभार्ली घाटाच्या पहिल्या वळणाला
माझ्या कमरेत काहीतरी टोचलं.
दुसऱ्या वळणाला पुन्हा.
बापूंचा उजवा पाय
माझ्या सीटच्या पाठीत ब्रेक शोधत होता.
"गिअर पाडा" असं ते म्हणाले नाहीत.
नुसते खाकरले.

तिसऱ्या वळणाला निमिषने उलटी केली,
थेट आईच्या पदरात.
आई म्हणाली, "असू दे,
पोटात ठेवून काय करायचंय."

चिपळूण आलं तसे बापू ताठ झाले.
"हा स्टँड. इथं गाडी लावायची,
त्या कोपऱ्यात चहा,
आणि इथनं माघारी."
"मग समुद्र?" रेवाने विचारलं.
"तो पुढं.
गुहागरच्या गाडीला ड्रायव्हर वेगळा असायचा."
एकतीस वर्षं, आठवड्याच्या सहा फेऱ्या...
मी हिशेब मांडायला घेतला,
तेवढ्यात समोर म्हशी आल्या.

आरेकर वहिनींकडे खोल्या दोन, न्हाणीघर एक.
बायका-पोरं इकडे, पुरुष तिकडे.
मध्यरात्री आई अंधाराला म्हणाली,
"व्याही घोरतात हो."
भिंतीपलीकडचं घोरणं थांबलं.
मग बराच वेळ
कुणालाच झोप नाही,
सुपारीच्या बागेत एक झावळी पडली तेवढीच.

पण त्याआधीची संध्याकाळ सांगायची राहिली.

सुरूची झाडं संपली आणि बापू थांबले.
रस्ता ओलांडणाऱ्या गुरांकडे
जुना ड्रायव्हर पाहतो ना, तसं पाहिलं त्यांनी समुद्राकडे:
हॉर्न न देता,
सगळं जाऊ दे आधी.
ते जातच राहिलं.
आईने तोवर साडी खोचून
पदर लाटेत धुऊनही टाकला.
"खाऱ्या पाण्यानं डाग निघतो," म्हणाली.
निघाला नाही.

रविवारी निघताना चप्पल सापडेना.
बापूंची, उजव्या पायातली.
ओसरी शोधली, विहीर शोधली,
आरेकरांच्या कुत्र्यावर आळ घेतला.
निमिष तेवढा शोधत नव्हता.
चार वर्षांच्या माणसाला
इतकं शांत बसता येत नाही.

"पुरलीय," तो शेवटी म्हणाला.
"कुठे?"
"समुद्राजवळ. म्हणजे परत यावं लागेल ना."
समुद्राजवळ तर सगळंच होतं,
मैलच्या मैल.
आणि रात्रीतून भरती येऊन गेलेली.

मी हात उगारला होता बहुतेक.
बापू खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून,
नातवाच्या उंचीला आले.
"खोल पुरलीस का?"
"कोपरापर्यंत."
"मग ठीक आहे."
वहिनींनी नवऱ्याचा जोड पुढे केला,
तर म्हणाले, "एक आहे की."

घाट चढताना मी कंबर सावरून बसले.
पहिलं वळण. काही नाही.
दुसरं. काही नाही.
आरशात बापू, तोंड उघडं,
मान आईने मध्ये ठेवलेल्या पिशवीवर,
आणि त्यांच्या मांडीवर निमिष, टक्क जागा.

पाचव्या वळणाला टोचलं.
खालच्या बाजूला, हलकंसं,
इवल्या टाचेचं.

मी गिअर पाडला.

पाटणच्या अलीकडे थांबून
उरलेल्या दशम्या खाल्ल्या.
जरा कडक झाल्या होत्या.
दाताखाली वाळू लागत होती.